पलीकडच्या गोलामागे

फुटबॉल सोडून जगातल्या बाकी सगळ्या विषयांवर माझे मामेसासरे बेधडक खोटं बोलत. वय विचारलं की समोरच्याचं वय बघून स्वतःचं सांगत. गावच्या घराला खोल्या किती, या प्रश्नाची त्यांनी मला आठ वर्षांत पाच उत्तरं दिली आणि घर प्रत्यक्ष पाहिलं तेव्हा सहावंच निघालं. तंबाखू सोडल्याचं डॉक्टरांना सांगत, तेव्हा ती त्यांच्या गालातच असे. पण फुटबॉलचा विषय निघाला की हाच माणूस एकदम कोर्टात उभा राहिल्यासारखा बोलू लागे. कुठल्याशा जुन्या मॅचमधला तिसरा गोल डाव्या पायाने झाला की उजव्या, हे नक्की आठवेना म्हणून ते दोन दिवस नीट जेवले नव्हते. "बाकी सगळा ठीक आसा, जावईबापू," ते म्हणत, "पण फुटबॉलात खोटा बोललंय तर देव बघून घेतलो."

मामा मालवणकडचे. परळच्या एका गिरणीत त्यांनी साच्यांवर, म्हणजे मागांवर, तीस वर्षं काढली, आणि त्या तीस वर्षांत गिरणीच्या टीमची एक मॅच चुकवली नाही. मॅचेसचं वेळापत्रक आल्याशिवाय लग्नाचा मुहूर्त काढू नका, असा निरोप त्यांनी मुलीकडच्यांना धाडला होता, आणि मामींनी तो शेवटपर्यंत विसरू दिला नाही. पुढे संप झाला, गिरणी बंद पडली ती पडलीच, आणि तिच्याबरोबर टीमही गेली. मामी त्याआधीच वारल्या होत्या. मामा नाहूरला आमच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहायला आले आणि एका कारखान्याच्या गेटवर बसू लागले. टीव्ही मात्र पहिल्या मजल्यावर, आमच्याकडे होता. त्यामुळे फुटबॉल लागला की मामा हजर.

बाकीचे लोक टीव्हीसमोर बसतात, मामा टीव्हीच्या बाजूला बसत. भिंतीला लावून स्टूल ठेवायचं, मान वाकडी करायची आणि काचेवर जे काही तिरपं तिरपं दिसेल ते बघायचं. मी पहिल्या दिवशी त्यांना समोरची खुर्ची दिली तर त्यांनी मला वेड्यात काढलं. "समोरसून काय बघूचा? सगळे आपले आडवे धावतत. माणूस अंगावर इल्याशिवाय तो केवढो आसा, ता कळत नाय." हाफटाइम झाला की स्टूल उचलून, मधे बसलेल्या माणसांच्या पायांवरून ते टीव्हीच्या दुसऱ्या बाजूला जात. एकदा माझे ऑफिसातले साहेब सहकुटुंब आले होते. मामा त्यांच्या चहाच्या कपांवरून स्टूल घेऊन गेले आणि जाताना साहेबांच्या खांद्याला धक्का मारून म्हणाले, "चला, तुम्ही पण त्या टोकाक जावा." साहेब उठलेही होते. नलूने, म्हणजे माझ्या बायकोने, त्यांना परत बसवलं.

या वेडाचं मूळ मैदानात होतं. मामा मॅच कायम गोलाच्या मागे उभे राहून बघत, आणि तेही ज्या गोलावर आपली टीम हल्ला करणार त्याच गोलाच्या मागे. गोल व्हायचा तो आपल्या डोळ्यांसमोर, अंगावर येऊन व्हायला हवा. हाफटाइमला टोकं बदलली की गिरणीचे सगळे लोक मैदानाला वळसा घालून दुसऱ्या गोलामागे जात. समोरच्या टीमचे लोकही तसेच निघत. दोन्ही जमाव मैदानाच्या मध्यावर एकमेकांना ओलांडत आणि तिथे यथेच्छ शिव्यांची देवाणघेवाण होई. डॉकच्या टीमबरोबर मॅच असली की मामांची गाठ हमखास एका लाल टोपीवाल्या, मिशाळ कोळ्याशी पडे. तो ओरडे, "मिलवाले, घरला जा!" मामा ओरडत, "तू समुद्रात जा!" वर्षानुवर्षं एवढाच संवाद. एकमेकांचं नावही माहीत नव्हतं, पण तो एखाद्या मॅचला दिसला नाही तर मामांना चुकल्यासारखं वाटे.

मामांची खेळाडूंबद्दलची मतं पक्की होती. टीव्हीवर एखादा परदेशी खेळाडू चार जणांना चुकवून गोल मारायचा, आमची सगळी खोली उठून उभी राहायची, आणि मामा शांतपणे म्हणायचे, "बरो खेळता. बूट घालून बरोच खेळता." त्यांच्या मते जगात फुटबॉलपटू एकच झाला, तो म्हणजे गिरणीचा लेफ्ट आउट. तो अनवाणी खेळे. बॉल त्याच्या पायाला असा चिकटून येई की गोलामागे उभ्या मामांना वाटे, हा आता आपल्यालाही चुकवून पुढे रस्त्यावर जाईल. "त्येच्या पायाचो अंगठो मी बघितलंय," मामा सांगत. "तुमच्या ह्या टीव्हीवाल्याचो अंगठो तुम्ही बघितलात? मग?"  मी क्रिकेटवाला माणूस. अंगठ्याचा विचार मी कधी केलाच नव्हता.

मग एका मे महिन्यात तळमजल्यावर घाडी नावाचे एक गृहस्थ मुलाकडे राहायला आले. उंच, किंचित वाकलेले, कुणाशी न बोलणारे. चार दिवसांनी कळलं की ते मामांच्याच गिरणीत रंगखात्यात होते, आणि इतकंच नाही, गिरणीच्या टीमचे नऊ वर्षं गोलकीपर होते. मामा हे ऐकताच बनियनवर खाली धावले. मीही मागोमाग गेलो. गिरणीची एक मॅच चुकवली नाही, हे मामांनी सांगताच घाडींचा चेहरा असा उजळला की त्यांचा मुलगा दारात बघतच राहिला.

"तू सगळे मॅची बघितलंस?" घाडींनी विचारलं.

"सगळे!" मामा म्हणाले.

"मग सांग ह्येका," घाडी मुलाकडे बोट करत म्हणाले.  "डॉकवाल्यांबरोबर फायनल. शेवटची पाच मिनिटां. पेनल्टी. मी अडवलंय का नाय? सांग."

भानगड अशी होती की पेनल्टी गोल झाली नव्हती आणि कप गिरणीला मिळाला होता, एवढं जगजाहीर होतं. पण बॉल खांबाला लागून बाहेर गेला होता. गिरणीत सगळे म्हणाले, डॉकवाल्याने खांबावर मारली, नशीब आपलं. घाडी म्हणत होते, माझी करंगळी लागली म्हणून बॉल खांबावर गेला. त्यांची उजव्या हाताची करंगळी वाकडी होती. मुलगा म्हणे, ती रंगखात्यातल्या यंत्रात गेली असणार, बाबांचं आपलं काहीतरी चालू असतं. वीस-बावीस वर्षं हा माणूस एका करंगळीसाठी एकटा भांडत होता, आणि आता अखेर त्याला साक्षीदार मिळाला होता.

 मामा म्हणाले, "मी बघूक नाय."

"मैदानात नव्हतंस?"

"होतंय. पण मी पलीकडच्या गोलामागे. आणि आपल्यावर पेनल्टी इली की मी पाठ करतंय. माका बघवत नाय." मग त्यांनी खरं ते सगळंच सांगून टाकलं. "खरा सांगू? नऊ वर्षांत मी तुका खेळताना नीट बघूकच नाय. तू कायम त्या टोकाक."

घाडींनी मान हलवली, आत गेले आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून जिन्यात मामा दिसले की ते भिंतीकडे तोंड करून उभे राहत.

नलूने मामांना धारेवर धरलं. "मामा, तू एरवी दिवसाला दहा थापा मारतोस. ही एक मारली असतीस तर काय बिघडलं असतं? म्हातारा खूश झाला असता ना!" मामा म्हणाले, "फुटबॉलात नाय." "अरे पण त्याचा मुलगा..." "फुटबॉलात नाय, बाय." एवढं बोलून ते वर गेले. दोन दिवस ते टीव्ही बघायलाही आले नाहीत. तिसऱ्या दिवशी, ऐन ऑफिसला निघायच्या वेळी, ते माझ्या दारात उभे. त्यांनी शोध लावला होता. घाडींच्या गोलामागे त्या दिवशी गिरणीचा एकही माणूस असणं शक्य नव्हतं, कारण गिरणीवाले सगळे दुसऱ्या टोकाला. पण त्या गोलामागे कुणीच नव्हतं असं थोडंच? तिथे डॉकवाले होते. घाडींची करंगळी बघितलेला माणूस जगात असलाच तर तो शत्रूच्याच गोटात असणार. आणि शत्रूपैकी मामांना ओळखीचा चेहरा एकच होता.

"रविवारी चला," मामा म्हणाले. "लाल टोपीवाल्याक सोधूया."

मुंबईत कोळीवाडे किती आहेत हे मला त्या पावसाळ्यात कळलं. पहिल्या रविवारी आम्ही वरळीला गेलो, दुसऱ्या रविवारी माहीमला, तिसऱ्या रविवारी खारदांड्याला. मामा प्रत्येक ठिकाणी सरळ विचारत, "हय कोण मिशीवालो आसा, डॉकच्या टीमवालो, तोंडाचो वाईट?" पहिली आणि तिसरी खूण निम्म्या वस्तीला लागू पडे. माहीमला एकाने आम्हाला जवळजवळ मारलंच. मी म्हटलं, मामा, तो माणूस आज जिवंत असेल कशावरून? मामा म्हणाले, "त्येका काय धाड भरता? तो माझ्यावर चिडान जगलो असतलो." चौथ्या रविवारी माझ्या पायाला फोड आले आणि नलूने मला घरी ठेवून घेतलं. मामा एकटेच मढला जाऊन आले. पाचव्या रविवारी मी मुकाट्याने चपला घातल्या.

तो वर्सोव्याला सापडला. होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्या होत्या आणि एका होडीच्या सावलीत एक म्हातारा जाळं दुरुस्त करत बसला होता. मिशा पांढऱ्या झालेल्या, टोपी तीच लाल. मामा दहा पावलांवर थांबले आणि कमरेवर हात ठेवून ओरडले, "तू समुद्रात जा!"

म्हाताऱ्याने मान वर केली. क्षणभर बघत राहिला. मग जाळं बाजूला टाकून तो जो उठला, त्याला बघून मी दोन पावलं मागे सरलो. "मिलवाले!" तो ओरडला. "तू अजून जिता हाय? घरला जा रं!" आणि दोघांनी एकमेकांना अशी मिठी मारली की माझा चष्मा पुसायची वेळ आली.

मामांनी त्याला काहीही पढवलं नाही. करंगळीचा उच्चारही केला नाही. मलाही दम दिला होता. फक्त विचारलं, "ती फायनल आठवता? पेनल्टी?" म्हाताऱ्याचा चेहराच बदलला. "नाव काढू नको तिचं," तो म्हणाला. मामा म्हणाले, "तो गोलकीपर माझ्या बिल्डिंगीत रवता. येतंस?" म्हातारा म्हणाला, "येतो. दोन शिव्या द्यायच्या राहिल्यात त्याला."

पुढच्या रविवारी सकाळी तो नाहूरला आला, हातात पापलेटची पिशवी. घाडींच्या घरात आम्ही सगळे जमलो होतो: घाडी, त्यांचा मुलगा, नलू, मी, आणि दाराला टेकून मामा. घाडी पडलेल्या चेहऱ्याने बसून होते. मामांनी आता काय नवीन काढलंय असं त्यांना वाटत असावं. म्हातारा आत आला, पिशवी नलूच्या हातात दिली आणि घाडींसमोर उभा राहून त्याने तोंड सोडलं.

"हाच तो! ह्याने आमची वाट लावली. कप आमचा होता. मी गोलाच्या मागे, जाळीला नाक लावून उभा. आमच्या पोराने बॉल असा मारला, एकदम कोपऱ्यात. गोलच होता तो! आणि हा मेला आडवा झाला आणि ह्याची करंगळी लागली. एवढीशी करंगळी! तेवढ्यानं बॉल खांबावर गेला. हा हात धरून बसलेला, आणि ह्याचे स्वतःचे लोक तिकडे नाचत होते. एक पण ह्याच्याकडं आला नाही. तेव्हा मला राग आला होता तुझा. अजून हाय." मग त्याने खाली वाकून घाडींचा उजवा हात उचलला आणि मुलाला दाखवला. "बघ. हीच ती."

 मुलगा पुढे आला आणि त्याने बापाची करंगळी हातात घेऊन बघितली. घाडी रडत होते आणि त्यांनी ते लपवलंही नाही.  मग घाडींनी दाराकडे बघितलं. मामा तिथे पाठ करून उभे होते.

"आता तरी हकडे बघ," घाडी म्हणाले.

मामा वळले.

त्यानंतर मामा हाफटाइमला स्टूल घेऊन जात, ते सोबत घाडींचंही स्टूल घेऊन. आणि पहिल्यांदाच असं झालं की एक मॅच हल्ल्याच्या बाजूला आणि एक मॅच गोलकीपरच्या मागे, असा दोघांचा करार झाला. घाडी फार बोलत नसत. एखाद्या परदेशी गोलकीपरने बॉल अडवला की नुसतं "हूं" म्हणत, आणि मामा ते "हूं" आम्हाला समजावून सांगत. वर्सोव्याहून महिन्या-दोन महिन्यांनी पापलेट येई, आणि पापलेटबरोबर शिव्याही.

घाडी तीन वर्षांनी गेले. मामा मग एकटेच स्टूलवर बसत, गोलकीपरच्या बाजूला. घरी नवीन कुणी आलं की मामा त्याला ती पेनल्टी सांगत, कोपरा, आडवी झेप, करंगळी, खांब, सगळं. स्वतःच्या वयापासून गावच्या खोल्यांपर्यंत कशातही भर घालणाऱ्या या माणसाने त्या गोष्टीत एक शब्द वाढवला नाही, आणि सुरुवात कायम एकाच वाक्याने केली: "मी बघूक नाय हां. मी पाठ करून उभो होतंय."

आता मामाही नाहीत. वर्सोव्याचा म्हाताराही गेला असणार. म्हणजे ती करंगळी लागताना ज्यांनी पाहिली, त्यांच्यापैकी माझ्या माहितीत कुणीच उरलं नाही. म्हणून ती गोष्ट आता मी सांगतो. मीही पाहिलेली नाही. पण ती लागली होती.