जिनिंगच्या इंजिनावरची दाढी

मुरुम गावाच्या इतिहासात विजेचा पहिला सदुपयोग एका गालावर झाला. तो गाल कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या मालकांचा. निजामाच्या राज्यात गावातली वीज म्हणजे त्यांच्या इंजिनावर निघेल तेवढीच.

त्यांची दाढी करणाऱ्या म्हाताऱ्या नानांचा हात आजारपणानंतर थरथरू लागला. चारदोन गाल कापले, तशी गिऱ्हाइकं तुटली. मालक तेवढे त्यांच्यापुढं बसत राहिले. मग हैदराबादहून त्यांनी विजेचं दाढीचं यंत्र आणलं. पात्यावर बारीक जाळी असलेलंच निवडलं, तेही दुकानातच ओठावर फिरवून, रक्त येत नाही हे बघून.

यंत्र बघून नानांचा चेहरा उतरला. "मालक, आता माझं काय काम?"

"मग हे धरायचं कुणी? मला न्हाय जमत." कापूस तोलताना एका बोटानं तराजूचा डुलता काटा अलगद थोपवणारा माणूस हे सांगत होता.

कापूस घालायला आलेला मी म्हणालो, "दाढीला इंजिन लावता व्हय?"

"तुमची बिनइंजिनाची लई बघितली," म्हणत त्यांनी नानांपुढं मान वर केली.

नाना पहिल्यासारखेच रोज कामावर येत राहिले. जाळीमुळं मालकांचा गाल त्यांच्या हातून कधी कापला नाही. दाढीही फारशी कापली गेली नाही.