खरवडीचा मान

शेजारच्या शाळेत दुपारी खिचडी शिजली की तिचा वास भिंत ओलांडून थेट माझ्या नाकाशी येतो, आणि मी भिंतीशी जाऊन उभा राहतो. खिचडी करणाऱ्या शांताबाईंचा एक नियम आहे. पातेल्याच्या तळाची खरपूस खरवड ज्याचा वाढदिवस असेल त्याच पोराला मिळते.

काल वीटभट्टीवरची कोमल ताटली पुढे करून हटून बसली. "मावशी, मला कधीच खरवड मिळत नाही."

"वाढदिवस कधी तुझा?"

"एक जून."

"अगं बाई, तेव्हा शाळेला सुट्टी असते!"

"म्हणून तर!" कोमलचे डोळे भरून आले.

ज्यांच्या घरी जन्मतारीख लिहून ठेवायला कुणाला उसंत नव्हती, त्या सगळ्यांना शाळेत नाव घालताना गुरुजींनी एक जूनला जन्माला घातलं. केवढं मोठं गणगोत आमचं! सगळे एकाच दिवसाचे, आणि औक्षण एकाचंही नाही. 'आमचं' म्हणालो, कारण मीही त्यातलाच.

मी भिंतीवरून ओरडलो, "शांताबाई, माझाही एक जूनच! कोमलचा वाढदिवस आज धरा!"

"आणि तुमचा?"

"माझा उद्या!"

शांताबाईंनी हसत अख्खी खरवड कोमलच्या ताटलीत टाकली. लगेच पंगतीतून गलका उठला, "मावशी, माझा पण एक जून! माझा पण!"

कोमल भिंतीशी आली, खरवडीचा एक तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "काका, उद्या लवकर या. रांग लय मोठी आहे."