मामाचं विमान

बडनेरा रस्त्यावरच्या गॅरेजात परवा माझी स्कूटर दुरुस्तीला उभी होती. मिस्त्री पत्र्याच्या डब्यात रॉकेल ओतून कुठलीशी साखळी धूत बसला होता, आणि त्या वासानं माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. रॉकेल आता घरातून गेलं, रेशनच्या दुकानातूनही जवळजवळ गेलंच. त्याचा वास असा अवचित कुठेतरी गाठतो. आणखी कुणाला त्या वासानं आईचा स्टोव्ह आठवत असेल, मला लढाऊ विमानं आठवतात. म्हातारी, उडायची थांबलेली विमानं, आणि त्यांच्या पोटाखाली उताणा पडलेला माझा मामा. स्कूटर मिळाल्यावर सरळ घरी यायचं, तर मी नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्याला लागले आणि उगाचच बरंच पुढे जाऊन परत फिरले. थंडी पडायला लागली की माझं हे असं होतं.

अकोल्याचा हा मामा हवाई दलात होता, पण उडवणाऱ्यांतला नव्हे, विमानं उडण्याजोगी ठेवणाऱ्यांतला. त्याच्या हाती वर्षानुवर्षं एकच मिग विमान होतं. ते आकाशात गेलं की तो जमिनीवर येरझारा घालायचा, आणि उतरलं की गरम पोटाखाली शिरून हातानं चाचपून बघायचा. सुट्टीवर आला तरी त्याच्या बॅगेतून विमानाच्या तेलाचा वास यायचा. तो थेट रॉकेलचाच भाऊ. शेपटीवरचा नंबर आम्हा भाचवंडांना पाढ्यासारखा पाठ होता. पुढे नवी विमानं आली, जुनी इकडेतिकडे पाठवली गेली, आणि मामाचं मिग कुठे गेलं ते त्याला कुणी सांगितलं नाही. भंगारात गेलं असेल किंवा एखाद्या संग्रहालयात उभं असेल, एवढंच कळलं. निवृत्त होऊन अकोल्यात आल्यावर माणसं शेती बघतात, नातवंडं खेळवतात. मामा विमान शोधायला निघाला.

दर हिवाळ्यात आम्ही तिघं निघायचो, मामा, मामी आणि मी. दिल्ली झाली, बंगळूर झालं, नागपूरच्या आकाशातल्या कसरती झाल्या. तिथे हजारो माना वर, तिरंगी धूर, टाळ्या, पोरांच्या किंकाळ्या. आणि मामा मात्र आकाशाकडे पाठ करून मैदानाच्या कडेला मांडलेल्या जुन्या विमानांकडे तरातरा निघालेला. मी एकदा वर बघायची, एकदा त्याच्यामागे धावायची, आणि माझं धड काहीच बघून व्हायचं नाही. आमच्याकडे कुणाला भेटायला रिकाम्या हातानं जात नाहीत, म्हणून मामा वरूडची संत्री घेऊन निघायचा. आंबिया बहाराची, हिवाळ्यात उतरणारी, पातळ सालीची, हातानं निवडलेली. पहारेकऱ्याला दोन संत्री दिली की तो जरा वेळ दुसरीकडे बघायचा, आणि तेवढ्यात मामा दोराखालून आत शिरून विमानाच्या पोटाखाली आडवा व्हायचा. शेपटीवरचे नंबर पुन्हा रंगवतात, पोट बदलत नाही, असं त्याचं म्हणणं. मामी कपाळाला हात लावायची. "इमान पाह्याले आलो का सवतीले, मले सांगा," ती म्हणायची, आणि पिशवीतली बाकीची संत्री प्रवासासाठी दाबून धरायची. मामा धूळ झटकत उठायचा, मान हलवायचा, आणि आम्ही पुढच्या विमानाकडे जायचो.

मग एका हिवाळ्यात, दक्षिणेकडच्या एका गावातल्या लहानशा संग्रहालयात, कडुनिंबाखाली ते उभं दिसलं. आधी मलाच दिसलं. रंग उडाला होता, काचेवर चुना फासल्यासारखी धूळ होती, एक चाक बसलं होतं, आणि पंखाला टेकून एक जोडपं फोटो काढत होतं. शेपटीवर तोच नंबर होता. मामाकडे बघायचा मला धीर होईना. त्या दिवशी तो पोटाखाली शिरला नाही. लांबूनच उभा राहिला, बराच वेळ. मग वळून म्हणाला, "हे नव्हे. चाला." जाता जाता त्यानं मामीच्या हातातली पिशवी घेतली आणि अख्खीच्या अख्खी पहारेकऱ्याला देऊन टाकली. "भैया, इसके चक्के में हवा भरवा देना," एवढंच बोलला.

परतीच्या गाडीत बसलो. काळी माती लागली, कपाशीच्या पराट्या उभ्या दिसू लागल्या, तेव्हा मामीला राहवेना.

"तेच व्हतं ना?"

मामानं खिडकीची काच खाली ओढली.

"मले काय समजत नाई? सारे संत्रे देऊन आले तुमी. दुसऱ्याच्या इमानाले कोनी इतके देते काय?"

"माहं उडत व्हतं," मामा म्हणाला. मामीनं त्याच्या हातावर हात ठेवला. अकोला येईपर्यंत तिनं तो काढला नाही.

मला वाटलं, संपलं. पुढच्या हिवाळ्यात मामा घरातच बसला. नुसता अंगणात जायचा, आत यायचा, पेपर उघडायचा, मिटायचा. शेवटी मामीच म्हणाली, "यंदा कुठं पाह्याचं तुमचं इमान?" मामानं तिच्याकडे असं पाहिलं की मी तोंड फिरवलं. दुसऱ्याच दिवशी तो गाडीची वेळ विचारायला स्टेशनवर गेला. आम्ही पुन्हा निघालो, पुन्हा संत्री घेतली, पुन्हा तो प्रत्येक पोटाखाली आडवा झाला आणि मान हलवत उठला. आम्ही तिघंही काय ते जाणून होतो, आणि तरी खोटं खेळतोय असं मला एकदाही वाटलं नाही. तो खरंच शोधत होता. जमिनीवर उभं असलेलं ते त्याला नकोच होतं.

आता मामा नाही. त्या कडुनिंबाखाली जाऊन यावं, चाकात हवा भरली का बघावं, असं मला रोज वाटतं. कधी वाटतं, आताच्या आता निघावं. मामाच्या हाताची खूण त्या पत्र्यावर अजून कुठेतरी असेल, आणि ती मी शोधली नाही तर दुसरं कोण शोधणार? मोबाइलवर तिकिटाचं पान उघडते आणि बंद करते. एखाद्या माणसानं 'सापडलं नाही' म्हटलेलं आपण जपायचं की त्याला सापडलेलं जपायचं, हे मला ठरवता येत नाही, आणि स्वस्थ बसवतही नाही.

काल अकोल्याला फोन लावला. म्हटलं, मामी, या थंडीत चलता का, एका संग्रहालयात आणखी काही जुनी विमानं आली आहेत म्हणे. मामीनं आधी एकच विचारलं.

"त्या कडुलिंबाखालच्या ठिकानी तर नाई ना?"

"नाही, मामी. दुसरीकडे."

"मंग ठीक हाये," मामी म्हणाली. "तिकीट काढ."