शेवटच्या कडव्याआधी

रेडिओवर हल्ली गाणं कमी आणि बडबड जास्त. सकाळी सकाळी एवढं खूश असलेलं माणूस आमच्या आटगावात मी अजून पाहिलेलं नाही. अंधेरीला म्हणे पुलावर गाड्या तुंबल्यात. तुंबू देत! आमच्या रस्त्यात म्हैस आडवी उभी राहते, तिची बातमी कोण देतं? वर दिवसभर तीच ती गाणी घुसळायची.

हे सगळं मी सोसते ते वडिलांसाठी. घरात आम्ही दोघंच. मागच्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, डावा हात लुळा पडला आणि जीभ जड झाली. दोनचार शब्द नीट येतात, पुढे सगळा गोंधळ. शहापूरच्या डॉक्टरीणबाईंनी हाताच्या व्यायामाला रबरी चेंडू दिला. तो त्यांनी खाटेखाली भिरकावला आणि ढोलकी मागितली.

आमच्या गायन पार्टीत ते ढोलकी वाजवायचे. चौदा एप्रिलची जयंती असो, लग्न असो, पार्टी हजर. बरीचशी गाणी जुन्या सिनेमांच्या चालींवर बांधलेली. चाल सिनेमाची, शब्द आपले. बांधणारा वडिलांचा जिवलग मित्र. प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात तो स्वतःचं नाव गुंफायचा आणि ते नाव आलं की ढोलकी दुपटीत जायची. तो गेला, पाठोपाठ एकेक जण गेला, पार्टी संपली. कॅसेट कधी कुणी केली नाही.

म्हणून रविवारी दुपारी रेडिओवर त्या सिनेमांची गाणी लागतात तेव्हा वडील ढोलकी घेऊन बसतात. फोनवर लावून देते म्हटलं तर मान हलवतात. "नाय गो. आपणहून आलं पायजे." गाणं अवचित यावं आणि आपण ते पकडावं, ही त्यांची जुनी खोड.

पण गाणं पूर्ण येईल तर शपथ! सुरुवातीच्या म्युझिकवर आरजे बोलते, दोन कडवी झाली की जाहिरात. वडिलांनी मोठ्या कष्टाने उचललेला डावा हात तसाच वर राहतो. माझं डोकं फिरतं. फर्माइशीच्या नंबरावर मी किती फोन केले असतील देव जाणे.

परवाच्या रविवारी लागला एकदाचा. "आटगाव? वॉव, ते कुठे आलं?" आरजे खिदळली.

"कसारा लाइनीवर. गाणं पूर्ण लावा हां, तिसऱ्या कडव्यासकट."

"फक्त तुझ्यासाठी, डिअर!"

गाणं लागलं. वडील वाजवत होते, मी पार्टीचे शब्द मोठ्याने गात होते. दोन कडवी झाली, त्यांचा हात वर गेला आणि वाशिंदला स्वप्नातलं घर घ्या म्हणून एक बाई किंचाळायला लागली.

मी खाडकन रेडिओ बंद केला. तोंडाला येईल ते बोलत सुटले. वडिलांचा उजवा हात मात्र ठेका सोडत नव्हता.

"म्हण," ते म्हणाले. "पुढं म्हण."

मी तोंड उघडलं. लहानपणी मांडवात कितीदा ऐकलेलं कडवं, पण एक ओळ आठवेल तर!

"मला नाय येत, बाबा."

 मग ते स्वतःच गायला लागले, जड जिभेने, अडखळत. मी त्यांच्या तोंडाशी कान नेला. मित्राचं नाव तेवढं स्पष्ट आलं, त्यावर डावा हातही पडला. बाकीच्या ओळी म्हणजे नुसता आवाज. हे कडवं आता जगात एवढ्या एका तोंडात उरलंय.

"परत म्हणा, बाबा. हळू."

त्यांनी परत म्हटलं. मला परत काही कळलं नाही. त्यांना धाप लागली होती.

"आलं?"

"आलं," मी म्हणाले.

इतक्या महिन्यांत ते पहिल्यांदा हसले. "मग म्हण," म्हणाले आणि ठेका धरला.