डब्यात गेलेलं पीठ

त्या दिवशी सकाळी मी आणि बायकोनं मिळून कॉम्प्युटरवरचा कपडा काढला आणि त्याची घडी घातली. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. माझ्याकडचं एक टोक सुटलं.

"अवं, नीट धरा की. खांबावर चढता तवा हात सुटत न्हाय, आन् इथं फडकं धरता येईना व्हय?"

ती फरशी पुसायला खाली बसली, मी पंपाकडं गेलो. अर्ध्या तासात मला बोलवायला माणूस आला. ती टेबलापुढं आडवी पडली होती, ओलं फडकं मुठीतच होतं. डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं. एवढंच म्हणाला.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही दोघं एकाच कामावर खडी फोडायला होतो. पुढं तालुक्याला दूध संघ निघाला. मी तिथं वायरमन लागलो, ती झाडलोटीला. मी चौथी शिकलेला, ती तेवढीही नाही. ऐंशीची सालं सरत आली तेव्हा संघानं पुण्याहून कुणाचा तरी वापरलेला कॉम्प्युटर आणला. गावोगावच्या दुधाच्या याद्या त्यात घालायच्या होत्या. धूळ नको म्हणून खोलीच्या खिडक्या खिळे मारून बंद केल्या. भर उन्हाळ्यात त्या खोलीत गार आणि मुकं वाटायचं. दार लावलं की बाहेरची बादलीसुद्धा ऐकू यायची नाही.

ते मशीन आपल्या आपण उठायचं नाही. बाहेरून काळी पातळ चकती घालायची, चकतीवरचं वाचून मग ते चालू व्हायचं. चकतीचा त्याच्या पोटातला खण आधीच मेलेला होता, म्हणून वायरीनं एक लोखंडी डबा बाहेरून जोडलेला. डबा टेबलाच्या खालच्या फळीवर, जमिनीपासून वीतभर वर. त्याला मागं छोटा पंखा होता, तो पुढच्या फटीतनं हवा आत ओढायचा.

तिला उचलून बाहेर नेताना मी त्या खोलीच्या मेनचा फ्यूज काढून खिशात टाकला. मला सवयच तशी. सरण रचेपर्यंत तो खिशात टोचत होता.

आमच्यात जिथं जीव गेला तिथं त्या रात्रीपुरतं पीठ पसरतात, शेजारी दिवा ठेवतात. सकाळी पिठावर कशाचं पाऊल उमटलं ते बघतात. पाखराचं उमटलं तर माणूस पाखराच्या जन्माला गेलं म्हणायचं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, तेव्हाही नव्हता. पण माझी थोरली बहीण आली होती, तिच्यापुढं माझं चाललं नाही. जीव संघाच्या खोलीत गेलेला, म्हणून दिवेलागणीला कुणाला न विचारता आम्ही दोघं तिकडं गेलो. तिनं टेबलापुढं ज्वारीचं पीठ पसरलं. एरवी मांजर फिरू नये म्हणून वर दुरडी पालथी घालतात.

"दुरडी आणलीच न्हाय की रं," ती म्हणाली. "राहू दे. हितं मांजर कुठनं यील? खिडक्यास्नी खिळं मारल्यात."

दार ओढून आम्ही आलो.

सकाळी पिठावर पाऊल नव्हतं. एक चार बोटं रुंद पट्टा मधोमध स्वच्छ झाला होता, डब्याच्या तोंडाखाली जाऊन थांबलेला. बहिणीनं पदर तोंडाला लावला.

"त्येच्यात गेली रं ती."

"गप," मी म्हणालो आणि पीठ भरून घेतलं. पण दारात दुधाच्या कॅनवाल्या दोघी उभ्या होत्या. त्यांनी बघायचं ते बघितलं.

मी फ्यूज लावला. ऑपरेटर सोलापूरचा, तिशीचा माणूस. त्यानं चकती घातली. डब्याचा दिवा लागला, आत खरवडल्यासारखा आवाज झाला आणि पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली.

"काय म्हणतंय?" मी विचारलं.

"चकती दिसत नाही म्हणतंय, मामा. चकती घाला आणि बटण दाबा."

"हाय की चकती आत."

"तेच तर. आपल्याला दिसतीय, त्याला दिसेना."

पाच दिवस आम्ही झटलो. त्यानं तिन्ही चकत्या बदलून बघितल्या, वायर काढून पुन्हा बसवली. मी विजेचा दाब मोजला, दुसऱ्या बोर्डावरून लाईन दिली. शेवटी अर्थिंग खराब असेल म्हणून अर्थिंगची तार पुरलेल्या खड्ड्यात मीठ टाकलं आणि टँकरच्या पाण्याची एक घागर ओतली. तिथं पाण्याला रांगेत उभी असलेली एक म्हातारी म्हणाली, "माणसाला प्यायला न्हाय, आन् ह्यो बाबा जमिनीला पाजतोय." दुसरी हळूच म्हणाली, "जमिनीला न्हाय, बायकूला पाजतोय."

तोवर गावभर झालं होतं. वायरमनची बायको डब्यात बसलीय, चकती वाचू देत नाही. झाडायला ठेवलेली नवी बाई खोलीच्या उंबऱ्याआत यायची नाही. पुण्याचा इंजिनिअर आठ दिवसांनी येणार होता. व्यवस्थापकांनी मला बोलावलं.

"वायरमन, मी मानत नाही हे. पण संचालक ऐकत नाहीत. उद्या सकाळी देवऋषी येतोय. उंबऱ्यात खिळा ठोकून बांधतो म्हणतोय."

"कुणाला बांधतो?"

त्यांनी कागदात बघितलं.

मी खोलीत येऊन बसलो. खडीवर उन्हात उभी राहिलेली बाई ती. कुणाला वाकडं बोलली नाही, मला सोडून. उद्यापासून लोक तिला हडळ म्हणणार, आणि खिळ्यावरून पाय टाकून रोज मी आत जाणार. हे मला सहन होणार नव्हतं.

ऑपरेटर जेवायला गेला होता. मी एकटाच. बटण दाबलं. खर्र, खर्र, खर्र. थांबलं. पुन्हा खर्र, खर्र, खर्र. ती झाडायची तशीच. तीन फटकारे मारायचे, कंबर सरळ करायची, पुन्हा तीन. पाच दिवस हा आवाज होत होता, पण माणसांच्या बोलण्यात मी तो नीट ऐकलाच नव्हता. मी परत दाबलं. परत दाबलं. किती वेळ दाबत होतो सांगता येत नाही. एकदा मी म्हणालोसुद्धा, "बस आता, दमली असशील."

मग मला माझीच भीती वाटली. मी मेन पाडला आणि डब्याचे चारही स्क्रू काढले.

आत पांढरं होतं. चकती वाचणाऱ्या मुंडीवर, दोन्ही पट्ट्यांवर, पंख्याच्या पात्यांवर ज्वारीचं पीठ बसलेलं. बोटानं घेऊन जिभेला लावलं. आमच्याच घरचं पीठ. दुधाच्या तपासणीचं स्पिरिट आणलं, कापसानं पुसून काढलं. पुसताना मधेच थांबलो, कारण हे पुसलं की तो आवाज जाणार. तरी पुसलं. झाकण लावलं, चकती घातली. आवाज न होता पडद्यावर अक्षरं चढत गेली.

मी खाली फरशीवर बसलो आणि हिशेब लावला. दुरडी नव्हती, पंख्यानं पीठ ओढून घेतलं, म्हणून तो पट्टा. सगळं जुळत होतं. आणि मग आठवलं, त्या रात्री पंखा फिरणारच नव्हता. त्या खोलीचा फ्यूज माझ्या खिशात होता. स्मशानात होता, अंघोळीनंतर कोनाड्यात होता, सकाळी मीच नेऊन लावला. फ्यूज लावून मशीन सुरू केलं तेव्हा जमिनीवर पिठाचा कण नव्हता. दुसऱ्या बोर्डाची लाईन मी नंतर ओढली, त्या रात्री खोलीत दुसरी लाईन नव्हतीच, वायरिंग माझ्या हातचं आहे. आज इतकी वर्षं मी त्यावर विचार करतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाटकावर जाऊन थांबलो. देवऋषी एसटीतून उतरला, पिशवीत लिंबं आणि खिळा. त्याला चहा पाजला आणि म्हणालो, "काम झालं. माघारी जावा." मग व्यवस्थापकांच्या टेबलापाशी गेलो.

"डब्यात पीठ गेलतं. आमी पसरलं व्हतं, रीत म्हणून. काढलं. मशीन चालू हाय."

"पसरलं कुणी?"

"म्या."

त्यांनी पेन उघडलं. "पीठ जमिनीवर होतं ना? आत कसं गेलं?"

"पंख्यानं वढलं."

"रात्रभर पंखा चालू होता? तू तर रोज मेन बंद करून जातोस."

दारात ऑपरेटर उभा होता, शिपाई होता, कॅनवाल्या दोघी होत्या. सगळे ऐकत होते.

"त्या दिवशी ध्यान नव्हतं साहेब," मी म्हणालो. "म्याच चालू ठिवला."

त्यांनी ते कागदावर लिहिलं, मला महिनाभर घरी बसवलं, आणि मी खाली सही केली.