संगं कोण हाय?

आमच्या सरांच्या खोलीत एकट्याने गेलेल्या माणसाचं काम होत नसे. दारात पाऊल टाकलं की प्रश्न यायचा, "संगं कोण हाय?" कोणी नाही म्हटलं तर, "मंग जा, कोणाले तरी घेऊन ये. चाय सांगून ठेवतो." अमरावतीच्या आमच्या कॉलेजात त्यांना जोडीवाले सर म्हणत. दाताच्या डॉक्टरकडेही ते शिपाईमामांना घेऊन जात आणि खुर्चीशेजारी उभं करत.

सर मूळचे तेल्हाऱ्याचे. कपाशीच्या रानातून प्राणिशास्त्रात आले आणि भाषा तिकडचीच ठेवली. इंग्रजीत छापलेला स्वतःचा शोधनिबंधही ते वऱ्हाडीत समजावून सांगत. तो तसाच जास्त कळे.

त्यांच्याकडे मी पीएच.डी. करत होते. टाकीच्या एका टोकाला अंधारा कप्पा, त्यात पट्ट्यापट्ट्यांचा एक बोटभर मासा. कप्प्याचं दार उचलायचं आणि तो उजेडात यायला किती वेळ लावतो ते पाहायचं. माझे मासे आतच बसून राहत. "भित्रे आहेत सर," मी म्हटलं.

"एकल्या माशाले भेकड म्हणू नोको. पह्यले त्याले सोबत दे, मंग बोल."

एक धीट मासा सोबत सोडला तेव्हा तेच मासे बाहेर आले. पुढे त्यांचे आणि एकट्या ठेवलेल्या माशांचे मेंदू बर्फात ठेवून मोठ्या प्रयोगशाळेत पाठवले. डोपामिन या मेंदूतल्या रसायनात फरक दिसला. सरांनी त्या दिवशी सगळ्या विभागाला आलुबोंडे खाऊ घातले. सोबत काढून घेतल्यावर धीटपणा किती टिकतो, हे मात्र तपासायचं राहिलं होतं.

अकोल्याला समितीपुढे काम मांडायचं ठरलं. समितीने नाकारलं तर संशोधन तिथेच थांबणार होतं, आणि परतवाड्याला माझं लग्न ठरवायला मंडळी तयारच बसली होती. सर पहिल्या रांगेत होते, म्हणून मी बोलू शकत होते. अध्यक्षांचं शाल-श्रीफळ आटोपलं होतं आणि त्यांचे चार सहकारी त्यांच्या दोन्ही बाजूंना मान हलवत होते. मी तिसऱ्या आलेखावर आले आणि सर उठून बाहेर गेले.

माझं वाक्य अर्ध्यावरच राहिलं. अध्यक्ष म्हणाले, "मुळात मासा भित्राच असेल, तर सोबतीने काय होणार?"

मी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग अध्यक्षांना म्हटलं, "सर, मासा तोच होता, पाणीही तेच. बदलली ती फक्त सोबत, आणि मेंदूत फरक दिसला. त्याला भित्रा म्हणण्याआधी तो एकटा होता का, हे विचारायला हवं. आपणही इथे एकटे आलेला नाहीत."

चारही सहकाऱ्यांच्या माना थांबल्या. अध्यक्ष आधी हसले, मग ते चौघे. काम मंजूर झालं.

सर बाहेरच्या टपरीवर होते. मी चिडून विचारलं, "मधेच काहून उठले तुमी?"

"राह्यलेला प्रयोग करून राह्यलो होतो. निंगाली ना बाहीर?"

सर आता नाहीत. माझे विद्यार्थी सादरीकरण करतात तेव्हा मी पहिल्या रांगेत बसते आणि तिसऱ्या आलेखाला चहाला उठते. आजवर एकही गप्प बसलेला नाही. त्यांच्या मेंदूत काय कमी-जास्त होतं, ते मोजायची सोय आमच्याकडे अजून नाही.