मागच्या दारची पातोडी

रफिकचाचा घरी जेवायला आलेल्या माणसाला ‘काय खाणार?’ असं कधी विचारायचे नाहीत. ते विचारायचे, ‘गाव कोणतं?’ गाव कळलं की पुढचं सगळं ते ठरवणार. सोनाळ्याकडचा निघाला तर आंबाडीची भाजी, मेहकरकडचा असला तर पातोडी, म्हणजे झणझणीत रश्शातल्या बेसनाच्या वड्या. त्यात खाणाऱ्याच्या आवडीला मत नसे. ‘गावाले जे लागते, तेच माणसाले लागते,’ हा त्यांचा कायदा. आणि एकदा गाव कळलं की तेच तुमचं नाव. मी जानेफळचा, म्हणून मी कायमचा ‘जानेफळ’. ते स्वतः अमडापूरचे. पण आमची गाठ पडली ती थेट मस्कतला.

चाळिशी उलटल्यावर माणसाने परदेशी नोकरीला जाऊ नये. मन रमतं, पोट रमत नाही. पहिले दोन महिने मी सुट्टीच्या दिवशी एकच उद्योग केला, मोबाइलवर ‘महाराष्ट्रीयन जेवण’ शोधत फिरणं. एका ठिकाणी वडापाव मिळाला, त्यावर चीज होतं. दुसऱ्या ठिकाणी पिठलं मागवलं, तर वर खोबरं आणि आत साखर. ते मी गोड मानून घेतलं, म्हणजे ते होतंच गोड.

शेवटी हार मानून एका शुक्रवारी डोशाच्या हॉटेलात बसलो. आतून कुणीतरी फोनवर ओरडत होतं, “अवं, कुकरची शिट्टी काऊन नाही होऊन राह्यली? रिंग बदल ना त्याची!” दोन महिन्यांनी कानावर ‘काऊन’ पडलं. मी डोसा तसाच टाकून सरळ स्वयंपाकघरात घुसलो. पांढऱ्या दाढीचा, उंच, वाकलेला माणूस एका हातात झारा, दुसऱ्यात फोन धरून उभा.

“कोन पाह्यजे?”

“मी जानेफळचा.”

त्यांनी फोन बंद केला, मग गॅस बंद केला. “मंग तिथं बसून डोसा काऊन खाऊन राह्यले? काही लाज?”

त्या दिवसापासून माझे शुक्रवार मार्गी लागले. दुपारची गर्दी सरली, की तीनच्या सुमारास चाचा स्वतःपुरता स्वयंपाक करत. हॉटेलच्या मागच्या दारी, पालथ्या क्रेटवर बसून मी जेवत असे. ज्वारीची भाकर, पातोडी आणि शेंगदाणे घातलेला हिरव्या मिरचीचा ठेचा. चाचा दाराला टेकून उभे राहत. अर्धी भाकर संपली की न विचारता दुसरी पडे. ‘बस झालं’ म्हटलं तर म्हणत, “जानेफळचं नाक नका कापू.”

अट एकच होती. यादीबाहेरचं काही शिजवायचं नाही आणि बाहेरच्या माणसाला मागे बसवायचं नाही, असा मालकाचा सक्त नियम होता. “मालकाले समजलं तं माही वापसी,” चाचा म्हणाले होते. “माह्या पोरीच्या, नाजनीनच्या नर्सिंगचं एक साल बाकी आहे. तेवढं निघू द्या. कोणाले बोलू नका.” मी शपथ घेतली. ठेच्याचा हात डोळ्यांना लावून घेतली, त्यामुळे पुढचा अर्धा तास डोळे चोळत होतो. माझ्या शपथेचा एवढाच परिणाम झाला, हे नंतर कळलं.

एका शुक्रवारी चाचांनी मला नेहमीसारखंच आग्रहाने वाढलं. मी हात धुतल्यावर म्हणाले, “सकाळी माही मावशी गेली. तिनंच वाढवलं मले.”

मी ओशाळलो. “अहो चाचा, मग आधी नाही का सांगायचं? मी मेला दोन भाकरी चापल्या!”

“जेवत्या माणसाले काय सांगता? तुमचं जेवण झालं, मंग सांगतलं.”

माझी बायको म्हणते, माझ्या पोटात भाकर राहते, गोष्ट राहत नाही. तिचं खरं ठरवायला मला तीन महिने लागले. ऑफिसात पुण्याचे एक सहकारी होते. डबा खाताना म्हणाले, “तुमच्याकडे तिखटाखेरीज काही असतं का हो?” इतकंच. त्या माणसाच्या मनात काही नव्हतं. पण माझ्यातला अख्खा मेहकर तालुका उठून उभा राहिला. संध्याकाळी मी मराठी मंडळींच्या ग्रुपवर माझ्या ताटाचा फोटो टाकला. पत्ता दिला. खाली लिहिलं, ‘अस्सल वऱ्हाडी पातोडी! मागच्या दाराने जा, चाचांना फक्त गाव सांगा. जानेफळच्या माणसाचा शब्द आहे.’ पहिल्या तासातच चाळीसेक अंगठे आले. मी ते मोजत झोपलो.

पुढच्या शुक्रवारी गेलो, तर मागच्या दारी ही रांग. आठ-दहा कुटुंबं, लेकरं, कुणी तर डबेच घेऊन आलेले. चाचा दारात पीठभरल्या हातांनी उभे. एकेकाला हात जोडत होते. रांग सरकेना म्हणून एक बाई पुढच्या बाजूला गेल्या आणि थेट गल्ल्यावर बसलेल्या मालकालाच विचारून आल्या, ‘पातोडी कधी मिळेल?’

मालक मागे आला. त्याच्या हातात कुणाचा तरी मोबाइल होता. “ये किसने लिखा?” त्याने सगळ्यांना विचारलं. संदेश दहा ठिकाणांहून फिरून आलेला, त्यावर माझं नाव नव्हतं. मंडळी एकमेकांकडे बघू लागली. मी माझ्या चपलेचा अंगठा बघू लागलो. अंगठा तुटलेला नव्हता, तरी बराच वेळ बघितला.

मालकाने चाचांना विचारलं, “आपको मालूम है?”

चाचांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. “मालूम नहीं, साहब.”

सुटलो, असं मला वाटलं. खरंच तेव्हा एवढंच वाटलं. त्याच आठवड्यात चाचांना परत पाठवलं. मी विमानतळावर गेलो नाही. ड्युटी होती, असं मी बायकोला सांगितलं. ड्युटी नव्हती.

तीन वर्षांनी मी कायमचा परतलो. आता आम्ही चिखलीला राहतो. जानेफळला जाता-येता अमडापूर लागतं. आठ महिने मी तिथून जाताना बसच्या दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत होतो. शेवटी बायको म्हणाली, “चिखलीवरून अमडापूर मस्कतपेक्षा लांब आहे का?” तिला सगळं सांगितलेलं होतंच. पोटात राहत नाही ना.

गेलो. बसमध्ये बोलायची तीन वाक्यं घोकली. घरासमोरच चाचांचं चहा-भज्यांचं दुकान. दाढी आणखी पांढरी, कंबर आणखी वाकलेली. मला पाहून त्यांनी कढईखालचा गॅस बंद केला.

“या जानेफळ! किती दुबळे झाले तुम्ही!”

आयुष्यात मला दुबळा म्हणणारा हा एकच माणूस. वाक्य ओठांवर आलं होतं, तेवढ्यात त्यांनी हाताला धरून घरात नेलं, पाटावर बसवलं आणि पुढे ताट ठेवलं. पातोडी. जणू मी शुक्रवार चुकवून शनिवारी आलो होतो.

दोन घास खाल्ल्यावर मी विचारलं, “नाजनीनचं नर्सिंग झालं?”

“ते ऱ्हायलं,” चाचा म्हणाले. “घरी बसली मंग. आता शिवणकाम करते. हात चांगला आहे तिचा.”

आतलं मशीन थांबलं. नाजनीन पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. गळ्यात टेप, बोटात अंगुस्तान. तांब्या ठेवून ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली.

“अब्बा, मोबाइलवर ‘जानेफळच्या माणसाचा शब्द आहे’ लिहेलं होतं, ते हेच का?”

माझा हात ताटातच थांबला. मस्कतला चाचांच्या मागच्या दारी जानेफळचा दुसरा कोण होता? नाव गळालं होतं. पण मी गावाची सही ठोकून ठेवली होती आणि इतकी वर्षं समजत होतो, की कुणाला कळलं नाही.

चाचांनी माझ्या ताटात दुसरी भाकर टाकली.

“थांब बेटा,” ते म्हणाले. “आधी जेवू दे त्यायले.”

मी जेवलो. घास जितके लहान करता येतील तितके लहान केले. पण भाकर कितीही पुरवली तरी संपते. चाचांनी तांब्या उचलून माझ्या हातांवर पाणी घातलं, खांद्यावरचा रुमाल दिला आणि दाराला टेकून उभे राहिले. नाजनीन आत गेली नव्हती. घोकलेली तिन्ही वाक्यं मी विसरलो होतो.